निवड होण्याआधीचे पत्र

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू आणि तुझ्या दादाने दूरचित्रवाणीवरील प्रवासशर्यतीसाठी अर्ज भरल्याचे मागच्या आठवड्यात तू सांगितलेस, तेव्हा मी फोनवर फारसे बोलले नाही, याचे तुला वाईट वाटले असेल. मला त्या वेळी एकच गोष्ट आठवत होती. अशा कार्यक्रमात निवड झालेल्यांना गोपनीयतेच्या करारावर सही करावी लागते, आणि चित्रीकरण संपल्यापासून शेवटचा भाग प्रसारित होईपर्यंत निकालाबद्दल अवाक्षर काढता येत नाही. म्हणजे तुमची निवड झालीच, तर नेमक्या ज्या दिवसांत तुला माझ्याशी बोलावेसे वाटेल त्याच दिवसांत तुला गप्प बसावे लागेल, आणि मलाही काही विचारता येणार नाही. म्हणून सांगायचे ते आताच, निवड होण्याआधी, लिहून ठेवते आहे. निवड झाली नाही तर हे पत्र पुढच्या हंगामातील सहलींना उपयोगी पडेल.

मी स्वतः अशा शर्यतीत कधी धावलेले नाही, हे आधीच मान्य करते. एकतीस वर्षे मी अनोळखी माणसांचे गट घेऊन अनोळखी शहरांतून फिरले, आणि त्यातील दोन हंगाम तू माझ्या हाताखाली काढलेस. पण ‘द अमेझिंग रेस’ हा अमेरिकी कार्यक्रम ५ सप्टेंबर २००१ रोजी सीबीएस वाहिनीवर सुरू झाला, त्यानंतर त्याची जी जी पर्वे मला पाहायला मिळाली ती मी सहल-व्यवस्थापकाच्या नजरेने पाहिली. इतर प्रेक्षक डोंगरावरून दोरीने उतरणारा स्पर्धक पाहतात. मी मात्र त्या वेळी खाली उभा असलेला त्याचा जोडीदार काय करतो, पासपोर्टची पिशवी कोणाच्या गळ्यात आहे आणि सूचनेचा कागद कितव्यांदा वाचला जातो आहे, याकडे पाहत असते. धंद्याची खोड जात नाही.

तुमचा अर्ज कोणत्या कार्यक्रमासाठी आहे ते मी मुद्दाम विचारलेले नाही, पण या शर्यतींचे ठळक प्रकार दोन आहेत आणि त्यांची तयारी वेगवेगळी आहे. ‘द अमेझिंग रेस’च्या पद्धतीत साधारण अकरा जोड्या तीन-चार आठवडे धावतात. प्रत्येक टप्प्यावर बंद पाकिटातून सूचना मिळते, कामे पूर्ण करायची असतात, टप्प्याच्या शेवटच्या ठिकाणी, म्हणजे ‘पिट स्टॉप’वर, शेवटी पोहोचणारी जोडी बहुधा बाद होते आणि अंतिम बक्षीस दहा लाख डॉलरचे असते. बीबीसीच्या ‘रेस अक्रॉस द वर्ल्ड’ची पद्धत मात्र संथ आणि माझ्या मते जास्त कठीण आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात विमानाला बंदी, मोबाइलला बंदी, आणि तोच प्रवास विमानाने करायला जेवढे भाडे पडले असते साधारण तेवढीच रक्कम हातात. त्या पैशांत खाणे, राहणे आणि हजारो किलोमीटरचा बस-रेल्वेचा प्रवास भागवायचा. पहिले पर्व लंडनहून सिंगापूरला गेले, तर २०२५ मध्ये दाखवलेले पाचवे पर्व चीनच्या भिंतीपासून निघून आपल्या कन्याकुमारीला संपले. बक्षीस वीस हजार पौंडांचे, म्हणजे पहिल्याच्या तुलनेत किरकोळ. एका शर्यतीत मिनिटे वाचवायची असतात आणि दुसरीत पैसे. तरीही दोन्हींमध्ये माणसे हरताना मी पाहिली, ती बहुतेक एकाच कारणाने, आणि त्या कारणाबद्दल लिहिण्यासाठीच खरे तर हा पत्रप्रपंच आहे.

ते कारण सांगण्याआधी माझीच एक गोष्ट सांगते, जी तुला मी कधी सांगितलेली नाही. धंद्यात नवीन असताना बेचाळीस प्रवाशांना घेऊन मी एका परक्या शहरात चुकीच्या रेल्वे स्थानकावर उतरले. त्या शहरात त्याच नावाची दोन स्थानके होती आणि आमची पुढची गाडी दुसऱ्या स्थानकावरून सुटणार होती. हातात पन्नास मिनिटे होती आणि दुसरे स्थानक बसने वीस मिनिटांवर होते, त्यामुळे गाडी सहज मिळाली असती. पण त्यातील पहिली पंचवीस मिनिटे मी तिकिटावरील छपाई कशी संदिग्ध आहे, कार्यालयातून मला काय सांगण्यात आले होते आणि बसचालकाने विचारायला कसे हवे होते, हे माझ्या सहाय्यकाला समजावून सांगण्यात घालवली. तो बिचारा मान हलवत राहिला. गाडी चुकली, बेचाळीस माणसांनी रात्र बाकांवर काढली, आणि त्या रात्री मला कळले की चुकीच्या स्थानकावर उतरण्यात माझे काहीच गेले नव्हते. जे गेले ते त्यानंतरच्या पंचवीस मिनिटांत गेले.

या शर्यतींमध्ये हेच पुन्हा पुन्हा घडते. रस्ता चुकणे, चुकीची बस पकडणे, कामातील एक अट नजरेतून सुटणे हे प्रत्येक जोडीकडून होते, जिंकणाऱ्यांकडूनही होते. पण एक जोडी दोन मिनिटांत ‘चुकलो, मागे फिरू’ म्हणते, तर दुसरी अर्धा तास त्याच रस्त्याने पुढे जाते, कारण मागे फिरायचे म्हटले की चूक कोणाची हे ठरवावे लागेल आणि ते ठरवण्याची दोघांनाही भीती वाटते. तू आणि दादा हुशार आहात, चपळ आहात, परंतु तुम्हा दोघांना हा आजार आहे. मागच्या वर्षी परतीच्या प्रवासात सामानाचा हिशेब चुकला तेव्हा तुम्ही दोघे सामान मोजण्याऐवजी कोणी मोजले होते यावर भांडत होता, ते मी लांबून पाहिले होते. तेव्हा हसले होते, आता हसणार नाही.

यावर उपाय म्हणून स्वभाव बदलायला मी सांगत नाही, कारण तेवढा वेळ नाही. निघण्यापूर्वी एक शब्द ठरवून ठेवा. कोणताही चालेल, पण तो दोघांपैकी कोणीही उच्चारला की त्या क्षणी थांबायचे, सूचनेचा कागद बाहेर काढायचा आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायचा. का थांबवलेस, असे विचारायचे नाही. चूक कोणाची हा विषय पिट स्टॉपवर पोहोचल्यानंतर, जेवण झाल्यावर, आणि तरीही हौस असेल तर काढायचा. माझा अनुभव असा की जेवणानंतर तो विषय कोणी काढत नाही.

कागद मोठ्याने वाचण्याबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण प्रेक्षकांना ती फार क्षुल्लक गोष्ट वाटते. सूचनेत ‘पायी जा’ असे लिहिलेले असताना जोडी टॅक्सीत बसली, तर त्या मार्गाने वाचवलेला वेळ अधिक सर्वसाधारणपणे तीस मिनिटे असा दंड पिट स्टॉपच्या दारात उभे राहून भोगावा लागतो, आणि मागून येणाऱ्या जोड्या डोळ्यांदेखत आत जातात. पाकीट उघडणारा माणूस घाईत असतो; त्याचे डोळे ठिकाणाच्या नावावर जातात आणि क्रियापद वगळतात. म्हणून पाकीट एकाने उघडावे, वाचावे दुसऱ्याने, आणि वाचून झाल्यावर पहिल्याने तीच सूचना स्वतःच्या शब्दांत परत सांगावी. विमानात वैमानिक नियंत्रण कक्षाचा आदेश परत उच्चारून दाखवतात, तसेच हे आहे. पंधरा सेकंद लागतात. काम अर्धे झाल्यावर आणि ‘हे बरोबर नाही’ म्हणून परीक्षकाने मान हलवल्यावर तोच कागद पुन्हा वाचायचा. आपण केलेल्या कामाकडे टक लावून बसायचे नाही, कारण चूक बहुधा त्या कामात नसून आपल्या डोक्यात बसलेल्या सूचनेत असते.

आता ‘द अमेझिंग रेस’मधील कामांबद्दल. ‘डीटूर’मध्ये दोन कामांतून एक निवडायचे असते आणि ते दोघांनी मिळून करायचे असते. बहुतेक वेळा एक काम अंगमेहनतीचे पण खात्रीचे असते आणि दुसरे वरवर सोपे पण नशिबावर किंवा परीक्षकाच्या पसंतीवर अवलंबून असलेले. थकलेला माणूस सोप्या दिसणाऱ्याकडे वळतो. तुम्ही अंगमेहनतीचे घ्या, असा माझा कल आहे, कारण ओझे वाहताना किती उरले ते दिसते. नाच शिकून तो परीक्षकाला पसंत पडेपर्यंत किती वेळ लागेल हे कोणालाच सांगता येत नाही. काम बदलण्याची मुभा असते, पण ती एकदाच वापरायची आणि लवकर वापरायची.

‘रोडब्लॉक’ हा प्रकार वेगळा. तो दोघांपैकी एकानेच करायचा असतो, आणि कोण करणार हे काम नेमके काय आहे ते कळण्याआधी, केवळ एका कोड्यासारख्या प्रश्नावरून ठरवायचे असते. सुरुवातीच्या पर्वांत सगळे रोडब्लॉक एकानेच केले तरी चालत असे. पुढे एकाने किती करायचे यावर मर्यादा आली. त्यामुळे दादा बलवान आहे म्हणून तो करेल, असे गृहीत धरू नकोस. शर्यतीच्या मध्यावर त्याचा वाटा संपेल आणि उरलेली कामे, मग ती उंचीवरची असोत की पाण्यातली, तुझ्याकडे येतील. कोणी कोणते करायचे याचा हिशेब पहिल्या दिवसापासून वहीत ठेवा.

मला मात्र रोडब्लॉक करणाऱ्यापेक्षा बाजूला उभ्या राहणाऱ्याबद्दल जास्त सांगायचे आहे. २००४ मध्ये प्रसारण सुरू झालेल्या सहाव्या पर्वात स्वीडनमधील एका शेतात गवताचे मोठमोठे गोल भारे उलगडून त्यातील मोजक्याच भाऱ्यांमध्ये लपवलेली सूचना शोधायची होती. दोन बहिणींपैकी एकीने आठ तासांहून अधिक काळ एकामागून एक भारे उलगडले, बाकीच्या जोड्या निघून गेल्या, दिवस मावळू लागला, आणि शेवटी सूत्रसंचालक फिल कोघन यांनी स्वतः शेतात येऊन शर्यत संपल्याचे सांगितले. नशिबापुढे त्यांचे काही चालले नाही. पण दुसरी बहीण त्या सगळ्या वेळात काठावर उभी होती. नियमाने तिला हात लावायला परवानगी नव्हती. त्या जागी स्वतःला ठेवून पाहा. आठ तास तू काय बोलशील? ‘तिकडचा उघड’, ‘अगं तो तर पाहिलास’, ‘लवकर कर’ असे बोलायचे, की पाण्याची बाटली तयार ठेवून गप्प बसायचे, हे आधी ठरवलेले नसेल तर तोंडाला येईल ते बोलले जाते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण २००९ च्या पंधराव्या पर्वात दुबईत घडले. उंचावरून पाण्यात नेणाऱ्या घसरगुंडीच्या तोंडाशी एक मुलगी बसली. तिला उंचीचीही भीती होती आणि पाण्याचीही. तिच्या जोडीदाराने समजावले, विनवले, तो चिडला, त्याने ओढूनही पाहिले. तेवढ्यात मागे राहिलेली जोडी वर आली, घसरून निघून गेली आणि हे दोघे बाद झाले. प्रेक्षकांनी तिला भित्री ठरवले. मी तसे म्हणणार नाही. घाबरलेल्या माणसाला ओढले की त्याच्या भीतीला कारण मिळते, हे केबल कारच्या दारात अडून बसलेल्या प्रवाशांकडून मी शिकले आहे. त्यांच्यासमोर आपण बसायचे, आवाज खाली आणायचा आणि फक्त पुढची एक हालचाल सांगायची: पाय इथे ठेवा, हा हात इथे. तुला खोल पाण्याची भीती वाटते हे मला माहीत आहे, पण दादाला माहीत आहे का, याची मला शंका आहे. निघण्याआधी त्याला सांग, आणि त्याला कशाची भीती वाटते तेही त्याच्याकडून काढून घे. मोठ्या भावांना भीती वाटत नाही या समजुतीचा विमानतळाच्या पलीकडे काही उपयोग नसतो.

त्याच पंधराव्या पर्वातील आणखी एक घटना मी नव्या सहाय्यकांना नेहमी सांगत आले आहे. तुलाही सांगितली असेन. कंबोडियाच्या नोम पेन्ह शहरात दोन मित्र पिट स्टॉपवर सगळ्यांच्या आधी पोहोचले, पण एकाचा पासपोर्ट वाटेत कुठेतरी हरवला होता. त्यांना पासपोर्ट शोधायला परत पाठवण्यात आले, तो सापडला नाही, आणि पहिले आलेले दोघे बाद झाले. पासपोर्ट खिशात, कमरेच्या पट्ट्यात किंवा पाठीवरच्या पिशवीत नको. तो कपड्याच्या आत, गळ्यातील पाकिटात असावा, आणि प्रत्येक वाहनातून उतरताना दोघांनी छातीवर हात ठेवून पाहावे. मी बसमधून उतरताना अजूनही तसे करते, आता जवळ पासपोर्ट नसतो तरी.

प्रवासाच्या बाबतीत तुला वाटेल की इथे तरी आपण पारंगत आहोत. अर्धे खरे आहे. पण सहलीत आपल्याजवळ फोन, आरक्षण आणि ठरलेला माणूस असतो. शर्यतीत यातील काही नसते. आणखी एक गोष्ट पडद्यावर दिसत नाही. प्रत्येक जोडीबरोबर एक छायाचित्रक आणि एक ध्वनिमुद्रक सतत असतात, म्हणून टॅक्सी चार माणसांची लागते आणि विमानात जागाही चार लागतात. तुम्ही दोघे धावत जाऊन लहान गाडीत बसलात आणि ते दोघे बाहेर राहिले, तर गाडी हलणार नाही. ते तुम्हाला रस्ता सांगणार नाहीत आणि मदत करणार नाहीत. त्यांचे ओझे तुमच्यापेक्षा जड असते हे लक्षात ठेवून वागलात, तर तो तुमचा चांगुलपणा.

टॅक्सीचालक ही या शर्यतींमधील सर्वांत मोठी अनिश्चित गोष्ट आहे. ‘ठिकाण माहीत आहे का’ असे विचारले की जवळजवळ प्रत्येक चालक हो म्हणतो, कारण त्याला भाडे हवे असते. म्हणून प्रश्न वेगळा विचारायचा: ते कोणत्या भागात आहे, जवळ काय आहे, किती वेळ लागेल. तीनपैकी दोन उत्तरे अडखळत आली तर दुसरी टॅक्सी पाहा. पत्ता स्थानिक लिपीत कोणाकडून तरी लिहून घ्या. हॉटेलच्या स्वागतकक्षातील माणसे हे काम आनंदाने करतात आणि त्यांच्याजवळ नकाशाही असतो. चालकाला थांबवून ठेवायचे असेल तर भाडे आधी पूर्ण देऊ नका, पण देण्याइतके पैसे आहेत याची खात्री आधी करा. २००५ मध्ये सातव्या पर्वाच्या शेवटच्या टप्प्यात अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एक पती-पत्नी अंतिम रेषेच्या अगदी जवळ येऊन थांबले, कारण टॅक्सीचे भाडे पूर्ण देण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते. त्याआधी एका टप्प्यावर शेवटी आल्याची शिक्षा म्हणून त्यांचे सगळे पैसे काढून घेतले गेले होते. दहा लाख डॉलर समोर दिसत असताना ते रस्त्यावरच्या लोकांकडे पैसे मागत राहिले, चालकाचे भाडे चुकते केले आणि मगच धावले. जिंकलेही तेच.

या प्रसंगाचे मला कौतुक आहे, पण त्या शिक्षेबद्दल माझे मत चांगले नाही. पैसे काढून घेतलेल्या जोड्या पुढच्या टप्प्यावर ज्या देशात उतरतील तिथल्या लोकांसमोर हात पसरत, आणि त्यांतील काही लोक या स्पर्धकांपेक्षा कितीतरी गरीब असत. पुढे ती शिक्षा बंद होऊन तिच्याऐवजी जादा काम देण्याची पद्धत आली, ते बरे झाले. तुमच्यावर तशी वेळ आली तर प्रवाशांकडे, पर्यटकांकडे मागा. फुटपाथवर दुकान मांडून बसलेल्याकडे मागू नका. त्याने दिले तरी घेऊ नका. शर्यतीच्या नियमांत हे कुठेही लिहिलेले नाही.

तुमचा अर्ज बिनविमानाच्या शर्यतीसाठी असेल, तर वरील कामांचा भाग विसरून जा आणि पैशांकडे वळा. तिथे वाटेत काम करून कमाई करण्याची मुभा असते, शेतावर, खानावळीत, विश्रामगृहात. आणि खरा प्रश्न हा असतो की एक दिवस काम करून मिळणारे पैसे त्या दिवसात गमावलेल्या अंतराच्या तोलाचे आहेत का. सुरुवातीला सगळेच घाबरून कंजुषी करतात आणि शेवटी पैसे शिल्लक असूनही मागे राहतात, किंवा सुरुवातीला उधळतात आणि शेवटच्या हजार किलोमीटरला बसचे भाडे उरत नाही. एकूण रकमेचे टप्प्यांच्या संख्येने भाग करा आणि एक भाग बाजूला काढून त्याला हात लावू नका. रात्रीच्या बसने प्रवास केला की राहण्याचा खर्च वाचतो हे तुला सांगायला नको, परंतु सलग तिसऱ्या रात्री बसमध्ये झोपलेली माणसे चौथ्या दिवशी एकमेकांशी कशी बोलतात तेही तुला माहीत आहे. तिसऱ्या रात्री खोली घ्या. ‘रेस अक्रॉस द वर्ल्ड’च्या पहिल्या पर्वात तरुण जोड्यांना मागे टाकून एक निवृत्त पती-पत्नी जिंकले होते. त्यांच्या पायांत जास्त बळ होते असे कोणी म्हणणार नाही.

विमानतळांबद्दल थोडक्यात: पुढे असलेल्यांची आघाडी तिथे बहुतेक वेळा संपते. पुढचे विमान सकाळीच असते, संग्रहालय नऊलाच उघडते, आणि तीन तास मागे असलेली जोडी तुमच्या शेजारी येऊन बसते. म्हणून मागे पडलात तर खचू नका आणि पुढे गेलात तर जेवून झोपून घ्या. तेथे रात्रभर इतर जोड्यांशी गप्पा मारून मैत्री करण्याची हौस मला समजते, पण ‘यू-टर्न’ नावाचा एक प्रकार आहे, ज्यात एक जोडी दुसऱ्या जोडीला डीटूरची दोन्ही कामे करायला लावू शकते, आणि तो वापरणाऱ्यांनी आदल्या रात्री त्यांच्याशीच बिस्किटे वाटून खाल्लेली असतात. रागावू नका, तो खेळाचा भाग आहे.

वहीचा उल्लेख वर आला आहे. रोज रात्री, कितीही थकला असाल तरी, देश, शहर, पिट स्टॉपवर स्वागताला कोण उभे होते, कोणते काम केले, कोणता झेंडा दिसला, हे दहा ओळींत लिहून ठेवा. शेवटच्या टप्प्यात सगळ्या प्रवासाची उजळणी करायला लावणारे काम येण्याची पद्धत अनेक पर्वांमध्ये आहे, आणि तिथे पहिली आलेली जोडी तासभर अडकून मागची पुढे गेल्याचेही पाहायला मिळते. परीक्षेच्या वेळी वही उघडायला मिळेल असे नाही, पण हाताने लिहिलेले डोक्यात राहते. शर्यत मध्येच थांबली तरी वही राहील. तेहतिसाव्या पर्वाचे चित्रीकरण फेब्रुवारी २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे तीन टप्प्यांनंतर थांबवावे लागले आणि ते पुन्हा सुरू व्हायला सप्टेंबर २०२१ उजाडला; एवढ्या खंडानंतर पहिल्या तीन टप्प्यांतले कोणाला काय आठवत असेल, याची कल्पना कर.

कॅमेऱ्याविषयी तुझी काळजी मला कळते, कारण तू ती तीनदा बोलून दाखवलीस. कॉलरवरचा मायक्रोफोन दिवसभर चालू असतो आणि एका जोडीच्या कित्येक तासांच्या चित्रणातून प्रेक्षकांसमोर काही मिनिटेच येतात. तासाभराच्या भागातून जाहिराती वगळल्या तर पाऊण तास उरतो, आणि तो सगळ्या जोड्यांत वाटला जातो. त्या मिनिटांत तुम्ही कसे दिसाल हे संकलक ठरवतील. तू दादावर एकदा ओरडलीस तर तेच घेतले जाण्याची शक्यता मोठी आहे, कारण शांतपणे नकाशा पाहणारी बहीण कोणाला पाहायची नसते. त्यावर अभिनय हा उपाय नाही. थकल्यावर अभिनय पहिला गळून पडतो. प्रसारण सुरू झाले की अनोळखी लोक तुमच्याबद्दल काय लिहितात ते पहिला महिनाभर वाचू नका, आणि आईलाही वाचू देऊ नका. हे आईला मी स्वतः सांगेन.

तयारीचे उरलेले मुद्दे तुला माहीत आहेत: नवे बूट घालून निघायचे नाही, पिशवी एवढीच भरायची की ती घेऊन चार मजले धावत चढता येतील, मोज्यांचे तीन जोड, कपाळावर बांधायचा दिवा, दोन पेन. पोहण्याचा वर्ग मात्र याच महिन्यात लाव. आणि गाडी! तू शिकल्यापासून ऑटोमॅटिक गाडीच चालवत आलीस. या शर्यतींत बऱ्याचदा हाताने गिअर बदलायची गाडी मिळते, स्टिअरिंग आपल्या सवयीच्या उलट बाजूला असू शकते, आणि चढावर गाडी बंद पडून हताश झालेल्या जोड्या मी इतक्या पर्वांत पाहिल्या आहेत की एवढी साधी गोष्ट माणसे घरून शिकून का येत नाहीत याचे मला दरवेळी नव्याने आश्चर्य वाटते.

येत्या रविवारी सकाळी सहा वाजता दोघेही माझ्याकडे या. माझी जुनी गाडी गिअरची आहे आणि क्लच जड आहे, म्हणजे सरावाला उत्तम. फोन घरी ठेवायचे. मी एका पाकिटात तीन ठिकाणे लिहून देईन. तुम्ही दोघांनी ती कागदी नकाशावरून शोधून दुपारी बारापर्यंत परत यायचे. गाडी तू चालवायची आणि नकाशा दादाने वाचायचा. मी मागच्या सीटवर बसेन, काहीही बोलणार नाही. तुमचा तो ठरवलेला शब्द कोणता आहे, तेवढे निघण्यापूर्वी मला सांगा.

तुझी,
ताई